जात्यावरचा हात आणि आवाज जुळत नाहीत. फोनचं शूटिंग एडिटिंगसाठी कशात बदलू?

खानापूरची_बाई

नमस्कार. मी मराठी प्राथमिक शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेले दोन उन्हाळे खानापूर तालुक्यात फिरून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतेय. नंदगड, जांबोटी, लोंढा, वर मलप्रभेच्या उगमाकडे कणकुंबीपर्यंत गेले. अकरा बायकांनी माझ्यासाठी पुन्हा जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. पिठाची गिरणी आल्यापासून कित्येकींच्या घरात जातं नुसतं कोपऱ्यात उभं होतं. ते धुऊन, पुसून, खुंटा ठोकून त्या बसल्या.

एकूण नऊ तासांचं शूटिंग आहे. सहा तास माझ्या फोनवर, ४के आणि ३० फ्रेमवर (म्हणजे सेकंदाला ३० चित्रं). उरलेले तीन तास भाच्याच्या जुन्या हँडीकॅमवर, त्याच्या एमटीएस फाईली आहेत. लॅपटॉप आय-थ्री, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शिवाय १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क आहे.

अडचणी तीन. पहिली, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोनची क्लिप टाकली की चित्र अडखळतं. एक ओवी कुठे सुरू होते ते शोधायला दहा मिनिटं जातात.

दुसरी अडचण मला जास्त छळते. खुंटा धरलेला हात बाईच्या अंगाकडे येतो तेव्हा दगडाचा आवाज जड येतो, पलीकडे गेला की हलका होतो. तो ताल माझ्या कानात बसलाय. क्लिपच्या सुरुवातीला हात आणि आवाज बरोबर जुळतात. वीसेक मिनिटांनी हात पलीकडे पोचलेला दिसतो आणि जड आवाज तेव्हा ऐकू येतो. ओठांचंही तेच. तीच क्लिप फोनवर लावली तर शेवटपर्यंत ठीक चालते.

तिसरी, हँडीकॅमच्या चित्रात फिरत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात.

एका दुकानात विचारलं तर नवीनच कॉम्प्युटर घ्या म्हणाले. नेटवरून एक फुकट कन्व्हर्टर उतरवला, त्याने आजींच्या चेहऱ्यावर मधोमध स्वतःचं नाव छापून दिलं. मी पाच हजारांपर्यंत खर्च करू शकते, पण दरमहा भाडं भरायचं सॉफ्टवेअर नको.

जांबोटीकडच्या ज्या आजींची क्लिप सगळ्यात मोठी आहे, त्या गेल्या मार्गशीर्षात वारल्या. ती पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही. म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी विचारतेय.

चिक्कोडी_ड्रोन

बाई, मी पण हेच भोगलंय. रॅम १६ करा आणि जमलं तर ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्या. ४के फुटेज ८ जीबीवर चालतच नाही.

शहापूर_एडिट

बाई, लॅपटॉप बदलू नका. रॅम वाढवली तर थोडं हलकं होईल, पण दुखणं तिथं नाही. आवाज सरकतोय तो तर लाखाच्या मशीनवरही सरकेल.

मी बेळगावात शहापूरला लग्नांचं आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं एडिटिंग करतो. मिरवणूक रात्रभर चालते. मंडळाची पोरं आपापल्या फोनवर शूट करून सकाळी पेनड्राइव्ह आणून देतात, त्यामुळे तुमच्या तिन्ही अडचणी माझ्याकडे दरवर्षी एकदम येतात.

अडखळण्याचं कारण असं. फोन एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो, आणि त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण ठेवायची आणि त्यानंतरच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहायचं, अशी ती पद्धत आहे. फाईल छोटी राहते, सरळ बघायला काही त्रास नाही. पण एडिटिंगमध्ये तुम्ही मधल्याच एका फ्रेमवर बोट ठेवता. मग मशीनला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून हिशोब करत यावं लागतं. तुम्ही ओवीची सुरुवात शोधताना शंभरदा मागे-पुढे करता आणि ते शंभरदा हाच हिशोब करतं. ॲपलचं प्रोरेस किंवा ॲव्हिडचं डीएनएक्सएचआर यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. फाईल फुगते, पण मशीनला ती उघडणं सोपं जातं. एडिटिंगला सोपा फॉरमॅट म्हणतात तो हा.

आता आवाज. फोन ३० फ्रेम म्हणतो, पण दर सेकंदाला नेमक्या ३० देईलच असं नाही. उजेड कमी पडला की बरेच फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळावा म्हणून वेग खाली आणतात. तुम्ही जात्याजवळ बसलात तेव्हा उजेड किती होता? पहाटेची वेळ, कोपऱ्यात एक बल्ब, असंच ना? कधी ३०, कधी २४, कधी त्याहून कमी अशा फ्रेम पडल्या असतील. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फोनचा प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचून दाखवतो म्हणून तिथं सगळं जुळतं. एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअर मात्र एकच ठरलेला वेग धरून चालतात. नुसतं २९.९७ ला ३० मानलं तरी २० मिनिटांत १.२ सेकंदांचा फरक पडतो. आणि तुमच्याकडे तर तो वेग मिनिटामिनिटाला बदलत असणार, त्यामुळे आवाज ताणून किंवा आखडून जुळवायला जाऊ नका. एका जागी जुळेल, पुढे परत सुटेल.

खात्री करायला मीडियाइन्फो नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. त्यात क्लिप टाका आणि ‘फ्रेम रेट मोड’ समोर काय येतं ते बघा. व्हेरिएबल असेल तर खाली किमान, कमाल आणि सरासरी आकडेही दिसतील.

बदलायला शटर एन्कोडर वापरा. तेही फुकट आहे, चित्रावर शिक्का मारत नाही. पण ते त्याच्या मूळ साईटवरूनच उतरवा, सारख्या नावाच्या दुसऱ्या जागा बऱ्याच आहेत. क्लिपा त्यात ओढून टाका. फंक्शनच्या यादीत एडिटिंग कोडेकचा गट आहे, त्यातलं ॲपल प्रोरेस निवडा, दर्जा ‘एलटी’. चित्राचा आकार १९२० बाय १०८० करा. फ्रेम रेट ३० किंवा २९.९७ ला पक्का बांधा, मीडियाइन्फोत सरासरी ज्याच्या जवळ असेल तो. आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ४८ किलोहर्ट्झ. एक जपा: त्याच यादीत ‘कन्फॉर्म’ नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते घेऊ नका. ते फाईल नव्याने न घडवता तिचा वेगच बदलतं. गाणं हळू किंवा भरभर होऊन बसेल.

१०८० का, तर जागेसाठी. ४के ३० फ्रेमचं साधं प्रोरेस ४२२ केलं तर तासाला साधारण २६५ जीबी लागतात. तुमचे फोनवरचे सहा तासच दीड टीबीच्या वर जातील. १०८० मध्ये एलटी केलं तर तासाला ४६ जीबी. हँडीकॅमचं २५ फ्रेमचं धरलं तर तासाला ३८. सगळे नऊ तास मिळून चारशेच्या आत बसतं, म्हणजे तुमच्या हार्डडिस्कवर मावतं.

कोणी प्रॉक्सी करा म्हणेल. एरवी मीही तेच सांगतो, पण इथं नको. प्रॉक्सीत काम छोट्या नकलेवर होतं आणि शेवटी सॉफ्टवेअर परत मूळ फाईलकडे जातं. तुमची मूळ फाईलच वाकडी आहे, म्हणजे जुळवलेलं सगळं शेवटी पुन्हा सुटायची भीती.

निपाणीकर_लिनक्स

ताई, वरच्या दादांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. मी फक्त सोपी वाट सांगतो. शॉटकट नावाचा एडिटर घ्या. फुकट आहे, मुक्त आहे, विंडोजवर चालतो. त्यात व्हेरिएबल फ्रेम रेटची क्लिप उघडली की तो स्वतःच विचारतो, ही एडिटिंगला भरवशाची नाही, बदलून देऊ का म्हणून. तीन पर्याय देतो: छोटी फाईल, मधली आणि मोठी. मधला घ्या. म्हणजे कापायचं सॉफ्टवेअर आणि बदलायचं सॉफ्टवेअर एकच झालं.

त्यातली मला फार आवडणारी सोय म्हणजे ‘सबक्लिप’. चाळीस मिनिटांच्या क्लिपमधली आठ मिनिटंच हवी असतील तर सुरुवात आणि शेवट लावायचा, तेवढाच तुकडा बदलून मिळतो. दोन्ही बाजूंना चार-पाच सेकंद जास्त ठेवा. ओवीआधीचा श्वास कापला जायला नको.

शटर एन्कोडर काय, शॉटकट काय, हँडब्रेक काय, सगळ्यांच्या पोटात व्हिडिओ बदलणारं इंजिन शेवटी एफएफएमपेगच आहे. २००० सालापासून चालत आलेलं हे मुक्त काम आहे, त्यामुळे पैसे देऊन घेतलेल्या कन्व्हर्टरात काही जादा मिळेल असं समजू नका. हँडब्रेक मात्र या कामाला घेऊ नका. ते चांगलंच आहे, फ्रेम रेटही पक्का बांधून देतं, पण ते मुळात बघायच्या छोट्या फाईली काढण्यासाठी आहे. तयार झालेली फिल्म लोकांना पाठवायची तेव्हा वापरा.

हँडीकॅमच्या रेघा म्हणजे इंटरलेस. त्या कॅमेऱ्यात एक चित्र दोन वेळा घेतलेल्या अर्ध्या-अर्ध्या ओळींचं बनतं. हात स्थिर असेल तर दोन्ही अर्धी नीट बसतात, फिरत असेल तर दोन वेगळ्या जागी पडतात. बदलताना ‘डिइंटरलेस’ चालू करा, रेघा जातात. आणि फोनच्या व हँडीकॅमच्या क्लिपा एकाच टाइमलाइनवर शक्यतो मिसळू नका, ३० आणि २५ मिसळले की हालचाल झटके खाते. एका बाईची एक फिल्म करणार असाल तर जिचं शूटिंग ज्या वेगाचं, तिची टाइमलाइन त्या वेगाची.

अजून एक. हँडीकॅमने लांब रेकॉर्डिंग आपोआप तुकडे करून ठेवलं असेल, बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन जीबीला नवी फाईल सुरू होते. ते तुकडे टाइमलाइनवर नुसते शेजारी ठेवलेत तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. आधी जोडा, मग बदला. शटर एन्कोडरमध्ये ‘मर्ज’ आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीत कॉपी आज्ञेला बायनरीचा पर्याय लावूनही एमटीएस तुकडे जोडता येतात, कारण ती मुळात एकच सलग धार आहे.

आणि हार्डडिस्क फॅट३२ असेल तर चार जीबीच्या वरची फाईल त्यावर बसणारच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवी. पण फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढा.

खानापूरची_बाई

तुमचे दोघांचे उपकार आहेत. चिक्कोडीच्या दादांचेही, रॅमचं लक्षात ठेवते.

मीडियाइन्फोत बघितलं. मोड व्हेरिएबल. जांबोटीच्या आजींच्या क्लिपला किमान १५ च्या आसपास, कमाल ३० च्या थोडं वर, सरासरी ३० पेक्षा बरीच कमी. अंदाज बरोबर होता. पहाटे पाचला आम्ही बसलो, माजघरात पिवळा बल्ब होता आणि त्यांची पाठ त्याच्याकडे होती. दिवस वर आल्यावर दारातून उजेड आला. म्हणजे एकाच क्लिपमध्ये वेग खालून वर गेला असणार. पण सरासरी इतकी कमी असताना ३० ला बांधलं तर चालेल का?

हँडीकॅमचंही खरं निघालं. लोंढ्याच्या मावशींची पाऊण तासाची बैठक चार तुकड्यांत आहे, आणि तिसऱ्या सांध्यावर एका ओवीतला ‘माहेर’ शब्द ‘माहे’वरच तुटतो. मला वाटत होतं त्यांनीच तो गिळला.

आणखी दोन प्रश्न. बदलून झाल्यावर मूळ फाईली ठेवायच्या का? आणि आमच्याकडे पावसात लाईट कधीही जाते, लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंसुद्धा टिकत नाही. मध्येच बंद पडलं तर मूळ फाईल खराब होईल?

शहापूर_एडिट

होय, ३० लाच बांधा बाई. जिथं फ्रेम कमी पडल्यात तिथं सॉफ्टवेअर तीच फ्रेम दोनदा लावून जागा भरेल. पहाटेच्या भागात हालचाल जराशी तुटक दिसेल. ती फोनने रेकॉर्डच केलेली नाही, आता कुठून आणणार. पण वेळ जुळेल. मधल्या फ्रेम अंदाजाने बनवून देणारा पर्यायही दिसेल, तो लावू नका. फिरत्या हाताची बोटं वितळल्यासारखी दिसतात. आजींचा हात जसा आला तसाच राहू दे.

मूळ फाईल कधीच पुसायची नाही. बदलताना तिला हात लागत नाही, सॉफ्टवेअर ती फक्त वाचतं आणि शेजारी नवी लिहितं, त्यामुळे लाईट गेली तरी मूळ सुरक्षित. नवी मात्र अर्धवट राहिली तर उघडणार नाही. एमओव्ही फाईलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी सगळ्यात शेवटी लिहिली जाते. यादीच नाही तर आतला माल असून सापडत नाही. ती पुसून परत लावायची, एवढंच. रात्री नऊच्या नऊ तास एकदम लावू नका, एकेक बाई घ्या.

तुमचे पाच हजार सॉफ्टवेअरवर घालू नका. दुसरी हार्डडिस्क घ्या, मूळ फाईली दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. हँडीकॅमच्या कार्डातून फक्त एमटीएस उचलू नका, कार्डावरचं सगळं फोल्डर आहे तसं कॉपी करा. आज ४के तुमच्या लॅपटॉपला जड आहे. दहा वर्षांनी कोणी हेच काम मोठ्या पडद्यासाठी करायला बसलं तर त्याला फोनमधली मूळ फाईलच हवी असेल. प्रोरेस नंतर पुसलं तरी चालेल, ते परत काढता येतं.

तपासताना सुरुवात बघू नका. सुरुवात नेहमीच जुळते. सगळ्यात लांब क्लिप आधी बदला आणि तिचं शेवटचं मिनिट बघा.

आणि परत जाणार असाल तर फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा किंवा ओपन कॅमेरा टाकून ठेवा, दोन्ही फुकट आहेत. फोन साथ देत असेल तर वेग २५ वर आणि शटर १/५० वर बांधता येतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० किंवा १/१०० ला ट्यूबची फडफड येत नाही. उजेड कमीच असेल तर बाईंच्या समोर, जरा बाजूला, एखादा साधा बल्ब लावा. चित्र थोडं दाणेदार आलं तरी चालेल, वेग हलायला नको.

खानापूरची_बाई

काल रात्री जांबोटीच्या आजींची क्लिप लावली. चौतीस मिनिटांची, मूळ दहा जीबी. सव्वा तास लागला, लाईट टिकली. नवी फाईल सव्वीस जीबीची झाली.

सांगितल्याप्रमाणे थेट शेवटाला गेले. एकतिसाव्या मिनिटाला त्या थांबतात, डाव्या हाताने मूठभर जोंधळे घेऊन जात्याच्या तोंडात वैरण घालतात आणि पुन्हा खुंटा धरतात. वैरण पडल्यावर पहिला फेरा जड जातो, आवाज खाली बसतो. आता हात अंगाकडे येतो आणि त्याच क्षणी तो आवाज येतो. मी तेवढंच पाच-सहा वेळा बघितलं. मागे-पुढे करताना कुठे अडखळलं नाही.

पहाटेच्या भागात हात थोडा तुटक फिरतो, तुम्ही म्हणाला होता तसाच. ते तसंच ठेवणार आहे.

लोंढ्याच्या मावशींचे चार तुकडे मर्जने जोडले, मग डिइंटरलेस करून बदलले. कंगवा गेला. ‘माहेर’ मधला ‘र’ परत आला, अगदी हलका आहे, पण आहे.

हार्डडिस्क एनटीएफएसच निघाली, फॉरमॅट करावी लागली नाही. दुसरी उद्या बेळगावला जाऊन घेते, ती बहिणीकडे नंदगडला ठेवणार. उरलेल्या नऊ जणींचं काम रोज रात्री एक असं लावते. आजींच्या नातवाचा सकाळीच फोन आला होता, त्याला पूर्ण चौतीस मिनिटं हवी आहेत, काही न कापता. त्याच्या फोनवर चालेल अशी एच.२६४ मध्ये हँडब्रेकने काढायला आत्ता लावली आहे.